गल्लीतला ताप लवकर कसा पकडायचा: वही, टॉर्च अन् ओगराळं

नवीन व्हायरस म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर पुण्याची एनआयव्ही, म्हणजे व्हायरसचा अभ्यास करणारी सरकारी संस्था येते, पांढरा सूट घातलेले शास्त्रज्ञ येतात. लॅब लागतेच, पण लॅबला नमुना जाणार कधी, तर गावातल्या कुणाला तरी वाटलं की हा ताप नेहमीचा नाही, तेव्हाच ना. २०२१ च्या जुलैत पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला हेच झालं, गावात तापाचे पेशंट वाढले म्हणून रक्ताचे नमुने पुण्याला गेले, बहुतेक चिकुनगुनिया निघाला अन् त्यातच महाराष्ट्रातली पहिली झिका केस सापडली. झिका शोधायला कुणी गेलंच नव्हतं.

अन् आपला खानदेश काही आडबाजूला नाही भो. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरलाच निघाला, कोंबड्या त्याच्या आधीपासून मरत होत्या पण कोंबड्यांचा नेहमीचा राणीखेत रोग असंल म्हणून सगळे चालवून घेत होते, मग भोपाळच्या लॅबनं एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचा व्हायरस, सांगितलं. २०२२ ला गुराढोरांच्या अंगावर गाठी आणणारा लम्पी आला तो पण रावेरकडं लवकर दिसला. एका बाजूला गुजरात, वरती मध्य प्रदेश, मधी भुसावळ जंक्शन, त्यात ऊसतोडीला अन् सुरतला कामाला जाणारी माणसं, म्हणजे बाहेरचा ताप इथं यायला वेळ लागत नाही. म्हणून खाली जे सांगतोय ते आशाताई, ग्रामपंचायत मेंबर, मंडळाचे पोरं, शाळेतले सर, कुणालाही जमण्यासारखं आहे.

आधी वही. साधी शंभर पानी. त्यात नाव, वय, गल्ली, काय काय होतंय, मागच्या पंधरा-वीस दिवसांत बाहेरगावी गेला होता का किंवा घरी बाहेरून कुणी आलं होतं का, अन् सगळ्यात महत्त्वाचं, ताप कोणत्या तारखेला सुरू झाला. बाकीचे रकाने चुकले तर चालतील, तारीख चुकू देऊ नका. पण तारीख काढणं वाटतं तितकं सोपं नाही. "आक्का, ताप कधीपासून आहे?" विचारलं की उत्तर येतं "व्हयनात चार-पाच दिन", म्हणजे तीन पण असू शकतात अन् आठ पण. मग असं विचारायचं, "बाजारना दिन ताप व्हता का?" की लगेच डोकं चालतं, नाही, बाजारातून येऊन भाकरी टाकल्या अन् रात्री हुडहुडी भरली. झालं, तारीख सापडली. आठवडे बाजार, एकादशी, नळ आल्याचा दिवस, शेतात फवारणी केल्याचा दिवस, ज्याला जे आठवतं त्याला धरून विचारा.

तारखेवर एवढं का अडून बसलोय ते सांगतो. डेंगूची एनएस१ टेस्ट रक्तात व्हायरसचाच अंश शोधते, ती तापाच्या पहिल्या पाच दिवसांत कामाची असते, आयजीएम म्हणजे रोगाशी लढायला शरीर जे तयार करतं ते, ते त्याच्यानंतर दिसायला लागतं. दुसऱ्या दिवशी आयजीएम केलं अन् निगेटिव्ह आलं, किंवा आठव्या दिवशी नुसतं एनएस१ केलं अन् निगेटिव्ह आलं, तर डेंगू नाहीच असं नसतं, पण घरचे मात्र मोकळे होतात अन् डॉक्टर बी व्हायरल म्हणून सोडून देतो. तारीख माहीत असली तर कोणती टेस्ट करायची ते ठरवता येतं. शिवाय खासगी लॅबची झटपट कार्ड टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी सरकारी खात्यात पक्का डेंगू धरतात तो एलायझा नावाच्या लॅबमधल्या टेस्टवर, अन् ती टेस्ट ठरवून दिलेल्या सरकारी हॉस्पिटलांत होते, तिथं नमुना पाठवताना फॉर्मवर तापाची तारीख लिहावीच लागते.

तारखेचा दुसरा फायदा म्हणजे रोग बाहेरून आला की इथंच पसरतोय ते कळतं. श्रावणात कानबाईच्या सणाला सुरतहून, पुण्याहून, मुंबईहून सगळे भाऊबंद गावात येतात, समजा त्यातला एक जण अंगात डेंगू घेऊन आला. त्याला आपल्याकडचा एडिस, म्हणजे डेंगू पसरवणारा डास चावला की डासाच्या अंगात व्हायरस तयार व्हायला ८ ते १२ दिवस लागतात, मग तो डास शेजाऱ्याला चावला की शेजाऱ्याला ताप यायला अजून ४ ते १० दिवस. म्हणजे पाहुणे परत गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, जेव्हा कानबाई विसरून सगळे कामाला लागलेले असतात, तेव्हा गल्लीत ताप सुरू होतो अन् कुणाला त्याचा मेळ लागत नाही. वहीत पाहुण्याच्या तापाची तारीख असली तर लागतो. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरवाशिणी येतात तेव्हा पण हेच लक्षात ठेवा, तेव्हा उन्हाळा असतो पण कूलर भरलेले असतात.

आता कोणता ताप बघून कान टवकारायचे. ताप अन् सांधे इतके धरले की माणूस भिंतीला धरून चालतोय, असे एका गल्लीत आठवड्यात दोन-तीन निघाले तर चिकुनगुनियाचा संशय घ्या (१९७३ ला बार्शीत मोठी साथ आली होती, मग बरेच वर्षं गप्प बसला अन् २००५-०६ ला परत आला). थंडी वाजून एक दिवसाआड ताप, त्यातून माणूस सातपुड्यातल्या अक्कलकुवा-धडगावकडचा किंवा तिकडं जाऊन आलेला, तर आधी मलेरियाचं रक्त घ्या, गोळी नंतर. ताप अन् अंगावर कुठं तरी, काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली, सिगारेटनं भाजल्यासारखी काळी खपली, तर स्क्रब टायफस, हा गवतातल्या बारीक चिगर माइट्सपासून होतो, अन् वेळेवर कळलं तर साध्या डॉक्सीसायक्लिननं बरा होतो पण खपली कुणी कपडे काढून बघतच नाही. डेंगूमधे ताप उतरतो त्याच टायमाला धोका असतो, पोट दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यातून रक्त, एकदम गळून जाणं, यातलं काही दिसलं की घरी थांबायचं नाही. अन् कळेपर्यंत पॅरासिटामॉल सोडून कोणतीच पेनकिलर नको, ब्रुफेन-डायक्लो-ॲस्पिरिन तर अजिबात नको, प्लेटलेट कमी झालेल्या माणसाला त्यानं रक्तस्राव होऊ शकतो. पपईच्या पानाचा रस कुणाला प्यायचा तर पिऊ दे, पण त्याच्या भरवशावर दवाखाना टाळू नका.

लहान पोराला जोरात ताप, मग झटके, मग बेशुद्ध, अन् हे सगळं एक-दोन दिवसांत, तर थांबायला वेळच नसतो. हा चांदीपुरा असू शकतो. नाव नागपूरजवळच्या गावाचं आहे, १९६५ ला तिथं पहिल्यांदा सापडला, २००३ ला आंध्र अन् महाराष्ट्रात पोरं गेली, २०२४ च्या जुलैत गुजरातमधे साबरकांठा-अरवलीकडून परत सुरू झाला, म्हणजे आपल्या नंदुरबारच्या शेजारच्या राज्यात. बहुतेक १५ वर्षांखालच्या पोरांना होतो अन् याच्यावर खास औषध नाही, लस पण नाही, म्हणून १०८ ला फोन लावून सरळ जिल्ह्याच्या हॉस्पिटलला न्यायचं, रस्त्यात देवऋषी करत बसायचं नाही. हा पसरवते वाळूमाशी, डासापेक्षा कितीतरी बारीक, २-३ मिलिमीटरची, अंगावर लव असते, बसली की पंख वर उभे ठेवते अन् लांब उडता येत नाही म्हणून भिंतीवर टुणटुण उड्या मारते. रात्री टॉर्च तिरपा लावून मातीच्या भिंतीच्या भेगा, गोठ्याचा कोपरा, शेणाच्या ढिगाजवळची भिंत बघा, लगेच कळंल. जिथं दिसली तिथं भेगा लिंपून घ्या, गोठा कोरडा ठेवा अन् पोरांना जमिनीवर झोपवू नका. मच्छरदाणीची जाळी साधी असंल तर वाळूमाशी आत घुसते, बारीक जाळीची किंवा औषध लावलेली पाहिजे.

आता डासाच्या अळ्या. हा मला स्वतःला सगळ्यात आवडणारा भाग आहे कारण इथं रोग यायच्या आधीच बंदोबस्त करता येतो. आपल्याकडं पाण्याचे हाल माहितीच आहेत, नळ चार-पाच दिवसांनी येतो, काही ठिकाणी त्याहून उशिरा, म्हणून घरात जे भांडं दिसंल ते भरून ठेवतात, टाकी, ड्रम, रांजण, हौद, बादल्या. एडिसला स्वच्छ साठलेलं पाणीच लागतं, गटारात तो जात नाही. म्हणून "आमच्याकडं घाण नाही हो" म्हणणाऱ्या घरातच जास्त सापडतो.

बघायचं कसं, तर टॉर्च अन् पांढरी प्लेट घ्या, झाकण हळू उघडा, धक्का लागला की अळ्या तळाला पळतात. मिनिटभर थांबा, मग ओगराळ्यानं कडेचं पाणी काढून प्लेटमधे ओता. पाण्याच्या वरच्या थराला आडवी सपाट पडून राहणारी अळी मलेरियाच्या ॲनाफिलिसची, डोकं खाली अन् शेपटीची नळी वर करून लटकणारी एडिस किंवा क्युलेक्सची. एडिसची नळी आखूड अन् जाड, चालताना ती सापासारखी एस काढत जाते अन् टॉर्च मारला की अंधारात पळते. घरातलं बघून झालं की बाहेर बघा, कूलर, टायर, फ्रिजच्या मागचा ट्रे, पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाणी, गाईच्या पाण्याचं टाकं, बांधकामाची टाकी. रावेर-यावल-चोपड्याच्या केळीच्या बागा असतील तर केळीच्या पानाच्या बगलेत साठलेलं पाणी पण बघा, तिथं एडिसचाच भाऊ, एशियन टायगर, अंडी घालू शकतो.

आकडा काढायला गणित साधं आहे. समजा ५० घरं बघितली, ८ घरांत अळ्या, म्हणजे शंभर घरांमागं १६ घरं, हा हाउस इंडेक्स. त्या ५० घरांत मिळून ११ भांड्यांत अळ्या, म्हणजे शंभर घरांमागं २२, हा ब्रेटो इंडेक्स. हाउस इंडेक्स १० च्या वर किंवा ब्रेटो ५० च्या वर गेला की धोका मोठा, ब्रेटो ५ च्या खाली असला की धोका कमी. पण खरं सांगू का, आकडा एकट्याचा काही कामाचा नाही, त्याच गल्लीत महिन्याला एकदा तेच मोजा अन् वहीत वाढतोय की उतरतोय ते बघा. एकाच घरात सारखं सापडत असंल तर त्या घराशी बोला, सगळ्या गल्लीला लेक्चर नको.

घरोघर जायला वेळ नसंल तर अंड्यांचा सापळा लावा, त्याला ओव्हिट्रॅप म्हणतात. काळा प्लास्टिकचा डबा किंवा काळा रंग दिलेला चहाचा कप, आतून अर्धा भरंल इतकं पाणी, आत कडेला खडबडीत खाकी कागदाची पट्टी अर्धी बुडवून क्लिपनं लावा. सावलीत, जमिनीजवळ, पाऊस पडणार नाही असं ठेवा, पाच दिवसांनी पट्टी काढा अन् भिंगातून बघा. पाण्याच्या रेषेच्या जरा वर काळी, खसखशीपेक्षा बारीक लांबट अंडी असतील तर एडिस फिरतोय. पाणी आठवड्याच्या आत जमिनीवर ओतून द्यायचं, नाहीतर अंड्यातून मोठा डास व्हायला ७ ते १० दिवसच लागतात अन् आपणच डास पाळल्यासारखं होतं.

यावरूनच कोरडा दिवस, म्हणजे सगळी भांडी रिकामी करून कोरडी करायचा दिवस, आठवड्याचा का ते कळंल. नुसतं पाणी ओतून काम होत नाही, एडिसची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात अन् कोरडी राहून कित्येक महिने जिवंत असतात, पाणी लागलं की परत अळी. म्हणून काथ्यानं घासून मगच भरा. हौद ओतता येत नसंल तर अळ्या खाणारे गप्पी मासे टाका, ते पीएचसीतून, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळतात, नाहीतर कपड्यानं गच्च बांधा. फॉगिंगचा धूर पाहून लोकांना लई समाधान मिळतं, नगरसेवकाचा फोटो पण छान येतो, पण धूर उडणाऱ्या डासांना लागतो, टाकीतल्या अळीला काही होत नाही.

जनावरांकडं पण लक्ष राहू द्या. पोल्ट्रीत एकदम मर झाली, कावळे मेलेले दिसले, गोठ्यात जनावराच्या अंगावर गाठी आल्या, तर हात न लावता जनावरांच्या डॉक्टरला सांगा, १९६२ वर फोन केला तरी चालतो. गोचीड पिळून काढत असाल तर तेवढं बंद करा, २०११ ला गुजरातेत अहमदाबादजवळ क्रिमियन काँगो ताप निघाला तो गोचिडीचाच, अन् त्यात दवाखान्यातली माणसं पण गेली.

कळवायचं कसं तेही सांगतो. आधी आशाताई किंवा आरोग्य सेवक, मग पीएचसीचे मेडिकल ऑफिसर, माहितीसाठी १०४ ही आरोग्याची हेल्पलाइन. आशाताई अन् आरोग्य सेवक जे लिहितात ते आयएचआयपी या सरकारच्या रोग नोंदवायच्या पोर्टलवर चढतं, तिथून जिल्ह्याच्या सर्वेक्षण कक्षाला दिसतं. फोन करून "गावात ताप आहे" एवढंच सांगितलं तर पलीकडून हो हो ऐकू येतं अन् विषय संपतो. त्याऐवजी वहीच्या पानाचा फोटो पाठवा: या गल्लीत या तारखांना इतके जण, वयं अमुक, सांधेदुखी इतक्यांना, हाउस इंडेक्स एवढा. पेशंटचं नाव व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र टाकू नका, फोटो पाठवताना नावाचा रकाना झाकून घ्या. टीम आली तर ताप नवीन असलेल्या माणसांकडं आधी न्या, आठ-दहा दिवसांचा जुना पेशंट दाखवला तर व्हायरस सापडायची शक्यता कमी असते. रक्त घेतलं की २ ते ८ डिग्रीत बर्फाच्या पेटीत जातं का ते बघा, उन्हाळ्यात जीपच्या डिकीत तासभर राहिलं की नमुना बाद. अन् रिपोर्ट कधी येणार ते त्याच वेळेला विचारून वहीत लिहा, त्या तारखेला फोन करा, पॉझिटिव्ह की निगेटिव्ह काही असो, त्या माणसाच्या नावापुढं टाका.