हंगामी काम धरण्याआधी
मी गोव्यात म्हापशाला राहते, पदरात दोन मुलं, घर एकटीवर. ऑक्टोबर आला की कळंगुटच्या हॉटेलांतून हंगामी कामाची विचारणा होते. बायांनो, पगाराचा आकडा ऐकून लगेच हो म्हणू नका. आधी वहीत जूनपासूनचं लिहा: पावसात शॅक, म्हणजे किनाऱ्यावरची तात्पुरती हॉटेलं, बंद, तेव्हा घरभाडं कुठून? मग बसचे पैसे आणि शाळा सुटल्यावर मुलांना सांभाळणारीचे पैसे वजा करा. रात्रपाळीला ती जास्तच मागते, आणि बरोबर मागते. गोवा सरकारच्या गृह आधार योजनेचे महिना १,५०० रुपये मिळत असतील तर वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत राहतं का पाहा. मोठं हॉटेल असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचा हप्ता, कापतात का, विचाराच. पगार २१,०००पर्यंत असला तर मुलांचा दवाखानाही त्यात येतो.