आयपी पत्त्यामागे कोण आहे, हे कसं शोधायचं

गेल्या पावसाळ्यात सावद्याच्या एका केळी ग्रुपच्या ऑफिसातून सकाळी सकाळी फोन आला. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डीव्हीआरमध्ये रात्रभर कुणीतरी पासवर्ड टाकून बघत होतं, नोंदींत एकच आयपी पत्ता (इंटरनेटवरच्या जोडणीचा क्रमांक) पुन्हा पुन्हा. मी पोहोचेपर्यंत ऑफिसातल्या काकांचा संशय पक्का झाला होता: महिन्यापूर्वी काम सोडून गेलेला पोरगा. पत्ता शोधणारी साइट उघडून त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. "हे पाय भो, जळगावच दाखवतंय!"

अशा साइट उघडल्या उघडल्या बघणाऱ्याचाच पत्ता दाखवतात. डीव्हीआरमधला आकडा काकांनी अजून टाकलाच नव्हता. ते स्वतःच्याच इंटरनेटचं गाव बघत होते. एका पोरावर फुकटचा आळ येत होता, म्हणून ही पद्धत नीट लिहून ठेवतो.

आधी नोंद उतरवून घ्या. पत्ता, तारीख, सेकंदापर्यंत वेळ, आणि दिसत असेल तर पोर्ट नंबर (एकाच पत्त्यावरच्या वेगवेगळ्या जोडण्या ओळखायचा आकडा). स्क्रीनचा फोटो काढा. डीव्हीआरचं घड्याळ मागेपुढे आहे का, तेही तपासा.

मग पत्त्याची सुरुवात बघा. पहिल्या टिंबाआधीचा आकडा नेमका १० असेल, किंवा पहिले दोन आकडे १९२.१६८ किंवा १७२.१६ ते १७२.३१ यांपैकी असतील तर तो खासगी पत्ता. म्हणजे उपकरण तुमच्याच नेटवर्कमधलं आहे. तिथं बाहेर शोधू नका, राउटरमधली जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा.

पत्ता बाहेरचा असेल तर त्याचं होस्टनेम, म्हणजे त्या पत्त्याला दिलेलं नाव, विचारा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा, 'एनएसलुकअप' (nslookup) इंग्रजीत टाइप करा, एक जागा सोडून पत्ता लिहा आणि एंटर दाबा. मॅक किंवा लिनक्सवर 'डिग', मग वजा चिन्ह लावून 'एक्स' (dig -x), मग पत्ता. सरावाला ८.८.८.८ घ्या, 'डीएनएस डॉट गूगल' असं नाव येईल. विंडोजमध्ये एक घोटाळा हमखास होतो. वरच्या दोन ओळींत दिसतो तो तुमच्याच डीएनएस सर्व्हरचा (नावं आणि पत्ते जुळवून देणाऱ्याचा) तपशील, बऱ्याचदा घरच्या राउटरचा. खरं उत्तर खालच्या 'नेम' या ओळीत असतं.

आत काय घडतं? पत्ता उलटा केला जातो. २०३.०.११३.४५ (हा पट्टा केवळ उदाहरणांसाठीच राखलेला आहे) याचं ४५.११३.०.२०३ होतं, त्यापुढे 'इन-अ‍ॅडर डॉट आर्पा' लागतं आणि त्या नावाची पीटीआर नोंद (पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद) शोधली जाते. ही नोंद पत्ते ज्याच्या ताब्यात आहेत तोच लिहितो, आणि त्याला हवं ते नाव लिहिता येतं. म्हणून मिळालेलं नाव पुन्हा एनएसलुकअपला द्या. तोच पत्ता परत आला तरच नावावर भरवसा ठेवा. नाव सापडलंच नाही तर घाबरू नका, नोंद नसलेले पत्ते भरपूर आहेत.

आता मालक. जगातले पत्ते पाच संस्था वाटतात: आशिया-पॅसिफिकसाठी एपनिक, युरोप आणि पश्चिम आशियासाठी राइप, उत्तर अमेरिकेसाठी एरिन, शिवाय लॅटिन अमेरिकेसाठी लॅकनिक आणि आफ्रिकेसाठी आफ्रिनिक. भारतात हे काम निक्सी या संस्थेच्या अखत्यारीतली आयआरआयएनएन बघते. विंडोजमध्ये 'हू-इज' (पत्ता कुणाच्या नावावर आहे ते सांगणारी कमांड) आयतं नसतं, त्यामुळे एपनिकच्या साइटवरच्या हू-इज शोधात पत्ता टाका. पत्ता दुसऱ्या विभागाचा निघाला तर कुठे जायचं ते उत्तरात कळतं. चार गोष्टी टिपा: पत्त्यांचा पट्टा, संस्थेचं नाव, देश आणि 'अब्यूज' (गैरवापर) लिहिलेला तक्रारीचा ईमेल. देश नोंदणीचा असतो, माणूस तिथेच बसलाय असं नाही.

काकांचा पत्ता नेदरलँड्समधल्या सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीचा निघाला. तसा सर्व्हर जगात कुणीही, कुठूनही भाड्याने घेतो. तो पोरगा नव्हताच असं यातून सिद्ध होत नाही, पण त्याच्यावर बोट ठेवायला काडीचाही आधार नव्हता.

माणसाचं नाव या शोधात कधीच मिळत नाही, मिळते ती संस्था. मोबाइल इंटरनेटवर तर एकच बाहेरचा पत्ता एकाच वेळी अनेक ग्राहक वापरतात. त्यांतला नेमका कोण, हे वेळ आणि पोर्टवरून फक्त कंपनीच सांगू शकते, तेही पोलिसांना. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा देणाऱ्यांनी लॉग (नोंदी) १८० दिवस ठेवायचे असतात, त्यामुळे तक्रार लांबवू नका. पैसे गेले असतील तर हे सगळं शोधत न बसता आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

अब्यूजच्या ईमेलवर लिहिताना नोंदींच्या ओळी जशाच्या तशा चिकटवा आणि वेळ भारतीय आहे हे स्पष्ट लिहा. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. आपल्याकडे १२ तारखेच्या पहाटे २.१० वाजलेले असतात तेव्हा जागतिक वेळेत ठेवलेल्या लॉगमध्ये ११ तारखेचे रात्रीचे ८.४० असतात. हे न सांगितल्याने तक्रार चुकीच्या ग्राहकावर जाऊ शकते.

काकांच्या डीव्हीआरला कॅमेरे बसवणाऱ्याने दिलेला पासवर्ड तसाच होता. तो बदलला, राउटरमधून बाहेर उघडलेलं पोर्ट बंद केलं, आणि मग मेल लिहायला बसलो.