मॉडेल ट्राम अडखळते तेव्हा: तेल देण्याआधी काय तपासावे

मॉडेल ट्राम अडखळू लागली की हात आधी तेलाच्या बाटलीकडे जातो आणि साधा बिघाड तिथेच किचकट होतो. जास्तीचे तेल चाकांवर आणि मोटारीच्या कम्युटेटरवर (मोटारीत वीज पोहोचवणाऱ्या फिरत्या भागावर) पसरते, धूळ धरून ठेवते आणि मूळ दोष झाकून टाकते.

पहिला प्रश्न दोष विजेचा आहे की यंत्रणेचा, हा असतो. साध्या डीसी मोटारीची ट्राम मऊ फोमवर उलटी ठेवावी, १२ व्होल्टच्या कंट्रोलरवरून ३-४ व्होल्ट चाकांना द्यावेत आणि त्या वाटेत वीजप्रवाह मोजणारा काट्याचा अँमीटर जोडावा. काटा मधूनमधून शून्यावर येत असेल, तर चाके किंवा त्यांना टेकणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या मळलेल्या आहेत. चाके मंदावताना काटा वर चढत असेल, तर यंत्रणेत काहीतरी अडकते आहे.

अडकण्याचा ताल नीट पाहिला, तर जागा बहुतेक वेळा सापडते. एका चाकाच्या बाहेरच्या बाजूला मार्करने ठिपका द्यावा आणि ट्राम अगदी हळू चालवावी. ठिपका ठरावीक जागी आला की दर वेळी झटका बसत असेल, तर दोष त्या आसाच्या गिअरमध्ये किंवा आसाभोवती आहे. मोटारीच्या टोकाचा वर्म (स्क्रूसारखे आटे असलेला गिअर) मात्र एका फेरीत पुढच्या गिअरचा साधारणपणे एकच दात सरकवतो. त्यामुळे आसावरच बसवलेल्या १५ दातांच्या गिअरवर चाकाची एक फेरी होईपर्यंत वर्म १५ वेळा फिरतो आणि त्याचा दोष झटक्याऐवजी सलग कुरकुर म्हणून ऐकू येतो. वर्म असलेल्या ट्रामची चाके बोटाने जोर लावून फिरवू नयेत, कारण ती तशी फिरण्यासाठी नसतातच आणि दात तुटतात.

झटका आसाशी आहे असे ठरले, की बोगीचे, म्हणजे चाके धरणाऱ्या वळत्या चौकटीचे, खालचे झाकण उघडून भिंगातून पाहावे. गालिच्यावर चालवलेल्या माझ्या ट्रामच्या आसावर एक लांब केस इतका घट्ट गुंडाळला होता, की तो मला प्लास्टिकची कडीच वाटला. सुईने उचलून चिमट्याने ओढल्यावर तो सुटला. केस नसेल, तर गिअरच्या दोन दातांमधल्या खाचेत बारीक चीर शोधावी. धातूच्या आसावर दाबून बसवलेला प्लास्टिकचा गिअर तिथेच तडकतो, त्या दोन दातांमधले अंतर वाढते आणि दर फेरीला तोच भाग अडकतो. अशा गिअरला सरस लावण्यात वेळ घालवू नये, तो बदलावा.

ट्राम वळणावरच रुळावरून उतरत असेल, तर बोगी दोन्ही बाजूंना मोकळी वळते का आणि मोटारीची ताठ वायर तिला मागे ओढते का, ते पाहावे. दोन रुळांमध्ये १६.५ मिमी अंतर असेल, तर एका आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर सुमारे १४.४ मिमी असावे लागते. ते कॅलिपरने मोजावे.

तेल यानंतरच द्यावे, तेही प्लास्टिकला न खाणारे आणि टाचणीच्या टोकावर मावेल एवढेच. झाकण बसवताना एक-एक स्क्रू आवळून ट्राम चालवून पाहावी. एखादा स्क्रू आवळल्यावर काटा वर चढला, तर झाकण आस दाबते आहे, म्हणून तो स्क्रू पाव फेरी सैल करावा.