एमसीबी मोठा बसवू नका: स्वयंपाकघरातल्या वायरिंगच्या चुका

एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणारा बोर्डावरचा खटका, सारखा पडतो म्हणून 16 अँपिअरचा काढून 25 चा बसवायचा, ही स्वयंपाकघरातली सगळ्यात घातक दुरुस्ती. एमसीबी भिंतीतली वायर वाचवण्यासाठी असतो. वायर तीच ठेवून तो वाढवला की पडायचा थांबतो, पण वायर आतल्या आत तापत राहते.

आधी लोड मोजा: वॅट भागिले व्होल्ट. 2000 वॅटची किटली 230 व्होल्टवर जवळपास 8.7 अँपिअर ओढते, तेवढ्याच वॅटची इंडक्शन शेगडीही तेवढंच. मायक्रोवेव्हच्या दारावरचे 800 वॅट म्हणजे पदार्थाला मिळणारी ऊर्जा. वीज तो 1200 वॅटच्या आसपास खातो. खरा आकडा मागच्या पट्टीवर असतो. हे तिन्ही एका लाइनीवर आले की 22 अँपिअरच्या वर जातात. जास्त वॅटच्या वस्तूंना स्वतंत्र लाइन हवी. एक्स्टेंशन बोर्डाने सॉकेट वाढतात, वायरची ताकद नाही; त्यातून केबल गुंडाळी करून ठेवलेली असेल तर ती आणखी तापते.

एमसीबी कसा पडतो तेही बघा. खटका दाबताक्षणी पडला तर बहुधा शॉर्ट, काही मिनिटांनी पडला तर ओव्हरलोड.

लोड बसतोय, तरी प्लग गरम लागतो? मग सॉकेट ढिला आहे. ढिल्या जोडात 0.2 ओहम रोध जरी आला, तरी किटली चालू असताना तेवढ्याशा जागेत 15 वॅट उष्णता तयार होते. पिनेवर तपकिरी डाग, जळका वास, भोकाभोवती वितळलेलं प्लास्टिक दिसलं की सॉकेट बदला, पिनही काळवंडली असेल तर प्लगसुद्धा. नुसती पिन घासून काही होत नाही. आणि एमसीबी इथे मदतीला येणार नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो.

अर्थची पिन काढून टाकणं किंवा सॉकेटमध्ये न्यूट्रललाच (करंट परत नेणाऱ्या वायरलाच) अर्थ जोडणं, याला जुगाड म्हणू नये. न्यूट्रल कुठे तुटली तर फ्रीजच्या पत्र्यात सरळ करंट येतो.

30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा खटका, पडत असेल तर करंट कुठेतरी गळतोय. तो बायपास करू नका. सगळे प्लग उपसा, आरसीसीबी चढवा, मग एकेक वस्तू लावून चालू करा. जिच्यावर पडेल ती दुरुस्तीला. सगळं उपसूनही टिकत नसेल, तर दोष बहुधा वायरिंगमध्ये आहे. मेन बंद ठेवून इलेक्ट्रिशियनला बोलवा.