रॅम्प झाला, वाट अडलीच: शहराच्या सुगम्यता आराखड्यात या चुका टाळा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016च्या कलम 45 प्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून 5 वर्षांत सुगम्य, म्हणजे दिव्यांगांना अडथळ्याविना वापरता येतील अशा, व्हायला हव्या होत्या. नियम जून 2017चे, म्हणजे मुदत केव्हाच सरली. तेव्हा परभणी-जालन्याची महापालिका असो की हिंगोलीची नगरपरिषद, आराखडा घाईने उरकण्याचा मोह होणारच. घाईत पुढच्या चुका हमखास होतात.

पाहणीच्या तक्त्यात "रॅम्प: आहे / नाही"

सगळ्यात मोठी चूक हीच. रॅम्प असतो, पण फाटकाशी गटारावरची जाळी उघडी असते, आत पेव्हर ब्लॉक खचलेले असतात आणि दाखल्याची खिडकी छातीच्या वर असते. म्हणून वस्तू मोजू नका, वाट मोजा. रिक्षा थांबते तिथून खिडकीपर्यंत आणि तिथून शौचालयापर्यंत. दाराची मोकळी रुंदी 900 मिमी हवी, उंबरठा 12 मिमीपेक्षा उंच नको. जाळीच्या फटी 12 मिमीच्या आत आणि चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात, नाहीतर पुढची लहान चाकं अडकतात. या फेरीत व्हीलचेअर वापरणारी एक आणि पांढरी काठी वापरणारी एक व्यक्ती सोबत हवीच. टेपने जे सापडत नाही ते त्यांना पहिल्या दहा पावलांत सापडतं.

जागा बघून उतार ठरवणे

उतार 1:12 म्हणजे 1 फूट चढायला 12 फूट लांबी. जोतं 600 मिमी असेल तर 7.2 मीटर उतार, शिवाय वर-खाली 1.5 मीटरची सपाट जागा, एकूण 10.2 मीटर. 900 मिमीच्या जोत्याला (सहा पायऱ्या) 10.8 मीटर उतार आणि मधे विसाव्याची आणखी एक सपाट जागा लागते, म्हणजे 15.3 मीटर. समोर एवढी जागा नसली की पायऱ्यांवरच सिमेंट ओतून 1:5 चा घसरडा केला जातो. त्यावरून व्हीलचेअर मागे उलटते. जागा कमी असेल तर रॅम्प दुमडून घ्या, नाहीतर बाजूचं दार वापरात आणा. रुंदी किमान 1200 मिमी, दोन्ही बाजूंना दोन उंचींचे कठडे.

तपासायला महागडं यंत्र लागत नाही. 1.2 मीटरची सरळ फळी उतारावर धरा, वर स्पिरिट लेव्हल ठेवा, बुडबुडा मधे आणा. खालच्या टोकाशी फळी आणि रॅम्प यांत 100 मिमीपेक्षा जास्त अंतर दिसलं तर काम नामंजूर करा. गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशीही नको. काँक्रीटला झाडूने आडवा खरबरीत पोत द्या.

काळ्या मातीवर भराव

मराठवाड्यात हा मुद्दा एस्टिमेटमध्येच यायला हवा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. इमारतीचा पाया खोल असतो, रॅम्प मात्र वरवर टेकलेला. दोन पावसाळ्यांत रॅम्प बसतो आणि ओट्याशी बोटभर पायरी तयार होते. आधी काळी माती काढा, 150 मिमीच्या थरांत मुरूम टाका, पाणी मारून धुमसाने ठोका, वर पीसीसी (साधं, सळ्यांविना काँक्रीट) करा. रॅम्प आणि इमारत यांमध्ये सांधा ठेवून सीलंट भरा.

दुसरं स्थानिक कारण ऊन. एप्रिल-मेमध्ये उघड्यावरचा स्टीलचा कठडा हातात धरवत नाही. वर पत्र्याचं छत घ्या.

कुलूपबंद शौचालय

कुलपाचं कारण बहुतेकदा पाणी असतं. नळाला आठवड्याने पाणी येणाऱ्या शहरात स्वतंत्र टाकी न धरता शौचालय मंजूर करणं म्हणजे अडगळीची खोली बांधणं. आत 1500 मिमी वळायला मोकळं, दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं, कमोडची बैठक 450 ते 480 मिमी उंच. जेट बसल्याजागी हाताला यावा. आधाराची दांडी नुसत्या टाइलवर प्लॅस्टिक गुट्टीने बसवली तर माणसाच्या वजनाने उपटून येते आणि पडणाऱ्याला वाचवायला तिथे काही नसतं. ती भिंतीत अँकर बोल्टनेच बसवा.

स्पर्शफरशी शोभेसाठी

स्पर्शफरशी म्हणजे दृष्टिहीनांना पायाने किंवा काठीने जाणवणारी उंचवट्यांची फरशी. रेघांची फरशी म्हणजे "पुढे चला", ठिपक्यांची म्हणजे "थांबा, सावध". दोन्ही उलटसुलट बसवल्या किंवा पट्टा थेट विजेच्या खांबावर नेला तर दृष्टिहीन माणसाला इजा होते. पिवळसर कोटा दगडाच्या जमिनीवर पिवळी फरशी अल्पदृष्टी असलेल्याला दिसतही नाही.

खर्च आणि बिल

स्थानिक संस्थेचा दिव्यांगांसाठी राखीव 5 टक्के निधी सगळाच बांधकामात ओतू नका. रॅम्प आणि लिफ्ट मूळ बांधकामाच्या अंदाजपत्रकातच धरा. नव्या इमारतीचा नकाशा सुगम्यतेच्या नियमांत बसत नसेल तर याच अधिनियमाच्या कलम 44 प्रमाणे परवानगीच देता येत नाही. नगररचना विभागाने तिथेच अडवावं. जुन्या इमारतींत कंत्राटदाराचं अंतिम बिल काढण्याआधी फळीची चाचणी आणि दिव्यांग व्यक्तींसोबतची फेरी पुन्हा घ्या, मापं आणि फोटो फाइलला लावा. पहिल्या पावसाळ्यानंतर सांध्याची तपासणी होईपर्यंत अनामत रक्कम परत करू नका.