कोकणच्या उन्हाळ्यात जुनी कॅम्पर व्हॅन चालवताना

कोकणात पारा पस्तिशीच्या आत असला तरी हवेत बाष्प इतके असते की घाम वाळत नाही. त्यामुळे देशावर उत्तम काम देणारा पाण्याचा कूलर किंवा ओला पडदा इथे गाडीतला दमटपणाच वाढवतो. किनाऱ्यावर खरा उपयोग होतो तो अंगावरून वाहणाऱ्या वाऱ्याचा, आणि उष्णता आत शिरण्यापूर्वीच अडवण्याचा.

मॅटाडोर किंवा ओम्नीसारख्या जुन्या गाड्यांत इंजिन पुढच्या आसनांच्या मध्ये किंवा खाली असते, म्हणून पहिले लक्ष इंजिनाच्या झाकणाकडे द्यावे. रात्री, इंजिन बंद असताना, खालून इंजिनाकडे विजेरी रोखून आतून पाहावे. झाकणाच्या कडेने जिथून उजेड दिसतो, तिथूनच गरम हवा आत येते. तिथली झिजलेली रबरी पट्टी बदलून झाकणाच्या खालच्या बाजूस उष्णतारोधक चटई बसवली की पायांना लागणारी झळ बरीच कमी होते. माझ्या मते नवा एसी बसवण्याआधी हे काम करावे. हीटर असल्यास त्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतो ना, तेही पाहावे.

छतावर गरम हवा बाहेर फेकणारा 12 व्होल्टचा पंखा लावावा आणि सावलीकडची खिडकी थोडी उघडी ठेवावी. मागचा दरवाजा उघडा ठेवून मात्र गाडी कधीही चालवू नये. सायलेन्सरचा विषारी धूर आत ओढला जातो.

साखरप्याहून आंबा घाट चढायचा असेल तर उजाडताच निघावे, एसी बंद ठेवावा आणि खालच्या गिअरमध्ये चढावे. तापमानाचा काटा वर सरकू लागल्यास हीटर पूर्ण चालू करावा: बसणाऱ्यांना त्रास होतो, पण इंजिनाची उष्णता बाहेर पडते. तरीही काटा उतरला नाही किंवा वाफ दिसली, तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे, आणि ते पूर्ण निवेपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये.

भर दुपारी गाडी चालवूच नये, हे उत्तम. त्या वेळी समुद्राकडून खारे वारे वाहू लागतात, तेव्हा सुरूच्या बनाच्या सावलीत, सरकता दरवाजा वाऱ्याकडे करून थांबावे. माडाखाली नको, कारण नारळ पडतात. उन्हाकडच्या काचांवर कापड बाहेरून बांधावे, कारण आतला पडदा ऊन काचेतून आत आल्यावरच अडवतो. स्वयंपाक गाडीबाहेर करावा आणि मीठ घातलेले ताक किंवा कोकम सरबत थोडे थोडे घेत राहावे. कोणाला गरगरल्यासारखे वाटले किंवा कोणी असंबद्ध बोलू लागले, तर त्याला सावलीत आडवे करून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगेच 108 वर फोन करावा.