जेलची व्हीसीडी घेताय? आधी सेल फिरवा

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी एका जेलचा व्हीसीडी सिग्नल मला इतका मोठा मिळाला, की मी रात्रीच गाईडना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "सेल फिरवून पाहिलास?" सकाळी सेल, म्हणजे दोन खिडक्यांमध्ये जेल धरणारी डबी, नव्वद अंशांतून फिरवला, तर १६४० ची (इथले असे सगळे आकडे तरंगसंख्येचे, cm⁻¹ मध्ये) धन पट्टी ऋण झाली होती. तीन आठवड्यांचा डेटा बाद झाला. तेव्हापासून लॅबमध्ये नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी सगळ्यात आधी सेल फिरवायला शिकवते.

व्हीसीडी (व्हायब्रेशनल सर्क्युलर डायक्रॉइझम) म्हणजे डाव्या आणि उजव्या वर्तुळ-ध्रुवित इन्फ्रारेड प्रकाशाच्या शोषणातला फरक. साध्या द्रावणात तो मूळ शोषणाच्या दहाहजारांश ते लाखांश एवढाच असतो. जेलमध्ये रेणू एकमेकांवर पिळाने रचले गेले की हाच फरक कितीतरी पट वाढू शकतो. पण अशा रचनेतून बनलेले तंतू एका दिशेला झुकले तर सेल स्वतःच पोलरायझरसारखा वागतो आणि तसाच मोठा, पण खोटा सिग्नल देतो. नुसत्या उंचीवरून दोघांतला फरक कळत नाही.

शिकायला मी ट्रान्स-१,२-डायअमिनोसायक्लोहेक्झेनचं लॉरॉइल बिसअमाइड देते. जपानच्या शिन्शू विद्यापीठातल्या हानाबुसा यांच्या गटाने १९९६ मध्ये या कुळातले जेलेटर, म्हणजे जेल बनवणारे रेणू, प्रसिद्ध केले. याचे आर,आर आणि एस,एस असे दोन्ही डायअमाइन सहज विकत मिळतात, म्हणजे आरशातली जोडी हाताशी असते. एकाच हाताचा रेणू घेऊन काम सुरू करू नका. शिवाय टोल्युइन २८५ नॅनोमीटरच्या खाली प्रकाश अडवतं, त्यामुळे नेहमीच्या यूव्ही सीडीला (हेच मोजमाप, पण अतिनील प्रकाशात) इथलं अमाइड दिसतच नाही. इन्फ्रारेडला मात्र त्याचा कार्बोनिल (C=O गट) स्वच्छ दिसतो.

२० मिलिग्रॅम आर,आर जेलेटर १ मिलिलिटर ड्युटेरेटेड टोल्युइनमध्ये (हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेल्या) घ्या. साध्या टोल्युइनची १६०० जवळची पट्टी अमाइडच्या शेजारी येऊन बसते, ड्युटेरेटेडमध्ये ती खाली सरकते. फ्यूम हूडमध्ये, बंद कुपीत, द्रावण पूर्ण पारदर्शक होईपर्यंत गरम करा. आता घाई करायची नाही. गार झालेलं जेल स्पॅच्युलाने उचलून काचांमध्ये दाबलं, तर तंतू दाबाच्या दिशेने आडवे होतात. माझी चूक हीच होती. द्रावण गरम असतानाच सेलमध्ये भरा आणि जेल आतच बनू द्या. बेरियम फ्लोराइडच्या खिडक्या, मध्ये १०० मायक्रॉनचा टेफ्लॉन स्पेसर. खिडक्या ओव्हनमध्ये हळूहळू ७० अंशांपर्यंत तापवून घ्या, थंड खिडकीवर गरम द्रव पडला तर ती तडकते. सेल भरल्यावर बुडबुडा आहे का ते दिव्याकडे धरून बघा. उरलेली कुपी उलटी करा: आतला ऐवज खरवसासारखा जागच्या जागी थरथरला पाहिजे.

आधी साधा आयआर (इन्फ्रारेड) स्पेक्ट्रम घ्या. मोकळं अमाइड १६७५ च्या आसपास दिसतं, हायड्रोजन बंधात अडकलेलं १६४० कडे उतरतं. या पट्टीचं शोषण ०.२ ते ०.८ मध्ये असू द्या. वरच्या प्रमाणात ते साधारण ०.३ येतं. शोषण जास्त झालं तर डिटेक्टरपर्यंत प्रकाशच पोचत नाही.

मग व्हीसीडी. डिटेक्टरमध्ये द्रव नायट्रोजन भरा, मॉड्युलेटर (प्रकाश आलटून पालटून डावा-उजवा ध्रुवित करणारा भाग) १६५० च्या जवळ लावा, रिझोल्यूशन ८ ठेवा. एक तास मोजा. सेल प्रकाशाच्या अक्षाभोवती ९० अंश फिरवा, परत एक तास. मग पुढची बाजू मागे करून तिसरा. तिन्ही वेळा आकार आणि चिन्ह तेच राहिलं तरच पुढे जा. थोडा फरक असेल तर सरासरी चालते, पण चिन्हच उलटलं तर नमुना टाकून नव्याने भरा. सरासरीने तो सुधारत नाही.

एस,एस जेल अगदी त्याच पद्धतीने, त्याच वेगाने गार करून मोजा. थंड करण्याचा वेग बदलला की काही जेलांमध्ये तंतूंची रचनाच बदलते. दोन्ही स्पेक्ट्रम शून्य रेषेभोवती आरशासारखे समोरासमोर आले, की एकातून दुसरा वजा करून दोनने भागा. उपकरणाची बेसलाइन आपोआप निघून जाते. शेवटी सेल तापवा. जेल वितळताना सिग्नल जवळजवळ नाहीसा झाला आणि गार केल्यावर परत आला, तर तो रेणूंच्या रचनेतूनच येत होता. ही चाचणी मला सगळ्यात आवडते.

अमाइडच्या जागी एक वर, एक खाली अशी जोडपट्टी दिसली, तर शेजारचे कार्बोनिल एकमेकांशी जोडीने कंप पावताहेत. त्यांच्या रचनेचा पीळ कुठल्या दिशेचा, हे या जोडीच्या क्रमावरून सुचतं. पण खात्री डीएफटी (संगणकावरच्या क्वांटम) गणिताशी ताडूनच करा. आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसणाऱ्या जाड दोराचा पीळ हाच असेल, असं धरून चालू नका. दोर वळताना दिशा बदलू शकते.

काम झालं की खिडक्या कोमट टोल्युइनने धुवा. आम्ल लावू नका. बेरियम फ्लोराइड विषारी आहे, हातमोजे घाला.